वाया घालवणारे दार

आमच्या घरात 'वाया' हा शब्द शिवीसारखा वापरला जाई. शिळ्या पोळीचा कुस्करा व्हायचा, तांदूळ धुतलेले पाणी झाडांना जायचे आणि लग्नपत्रिकेची कोरी पाठ वाण्याच्या यादीसाठी जपली जायची. अशा संस्कारांत वाढलेल्या माणसाला एका यंत्राच्या भागाचे नावच 'वेस्टगेट', म्हणजे वाया घालवण्याचे दार, आहे असे कळले तर तो दचकणारच!

गंमत अशी, की हे दार ज्या टर्बोचार्जरला बसवतात तो स्वतः मोठा काटकसरी. इंजिनातून बाहेर पडणारा धूर गरम असतो, जोरात असतो. पण एरवी ती सारी ताकद सायलेन्सरवाटे हवेत जाते. आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअराला ही उधळपट्टी पाहवेना. जाणाऱ्या धुराच्या जोरावरच येणारी हवा दाबून इंजिनात भरावी, या कल्पनेचे पेटंट त्याने १९०५ साली घेतले. आजच्या टर्बोत धूर एक चक्र फिरवतो आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र हवा कोंबते. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन, जास्त इंधन म्हणजे जास्त ताकद. कुस्कऱ्याचाच हा थोरला भाऊ म्हणाना!

पण या काटकसरीत एक खोड आहे. जास्त इंधन जळले की धूर वाढतो. धूर वाढला की चक्र आणखी वेगाने फिरते. चक्राचा वेग वाढला की हवा आणखी जास्त येते. सावकाराच्या चक्रवाढ व्याजासारखा हा हिशेब. मोटारीतले चक्र मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेऊ शकते. त्याला कोणी आवरले नाही, तर इंजिनच फुटायचे.

आवरणारा कोण, तर तपकिरीच्या डबीहून थोडी मोठी अशी पत्र्याची एक डबी. हिला म्हणतात अॅक्चुएटर. आत एक रबरी पडदा, पडद्यामागे स्प्रिंग, पडद्याला जोडलेली सळई आणि सळईच्या टोकाला ते दार. दाबलेल्या हवेची एक बारीक नळी डबीत आणून सोडलेली असते. दाब बेताचा असेपर्यंत स्प्रिंग दार मिटून धरते आणि सगळा धूर चक्राकडे जातो. दाब वाढला की पडदा सरकतो, स्प्रिंग दबते, सळई दार उघडते आणि काही धूर चक्राला वळसा घालून निघून जातो. चक्र मंदावते, दाब उतरतो, दार पुन्हा मिटू लागते.

हिशेबही सोपा आहे. पडद्याचा व्यास ५ सेंटिमीटर धरा. क्षेत्रफळ झाले सुमारे २० चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो दाब आला, तर पडद्यावर १० किलोंचा रेटा पडेल. दारावरचा धुराचा जोर क्षणभर बाजूला ठेवला, तर याच रेट्याला नमणारी स्प्रिंग बसवायची, की दाब तेथेच थांबतो. पुढे या नळीतली हवा कमीजास्त करण्याचे काम संगणक करू लागला, आणि काही गाड्यांत तर डबीच्या जागी विजेची मोटार आली. पण दार राहिलेच.

आणि हे दार केवळ रखवालदार नव्हे. मोठे चक्र फिरायला आळस करते. लहान चक्र चटकन फिरते, पण इंजिन वेगात आले की आवरत नाही. दार असले म्हणजे लहान चक्र खुशाल बसवता येते. १९७७ साली स्वीडनच्या साब कंपनीने '९९ टर्बो' गाडी दाखवली, तिचे मर्म हेच होते. वेगात असताना थोडे वाया घालवायची तयारी, म्हणून चढावर, गर्दीत, हळू चालताना ताकद हाताशी!

आमच्या ओळखीच्या मिस्त्रींना हे पुस्तकावाचून ठाऊक आहे. ते सांगत होते, "साहेब, एका ट्रकवाल्यानं ही नळी काढून टाकली. पंपही वाढवून घेतला. आठ दिवस घाटात गाडी अशी पळाली म्हणता! नवव्या दिवशी हेड गॅसकेट गेलं, टर्बोही गेला. आता कर्जाचा हप्ता भरतोय आणि गाडी माझ्या दारात."

खरे तर आपल्याला हे दार नवे नाही. १९०३ साली विश्वेश्वरय्यांनी पुण्याजवळ खडकवासल्याला स्वयंचलित दारे बसवली. पाणी ठरल्या पातळीच्या वर चढले की त्याच्याच जोराने ती उघडत, पातळी उतरली की मिटत. मराठीत तर या वाटेला नावही आहे: सांडवा. धरणाला सांडवा ठेवणाऱ्याला कोणी उधळ्या म्हणत नाही.

आमच्या शेजारचा एक मुलगा फार हुशार. मार्क मिळाले की कौतुक, कौतुक झाले की आणखी एक क्लास, क्लास लागला की आणखी मार्क. बारावीच्या ऐन परीक्षेआधी पोराने अंथरूण धरले. डॉक्टरांनी औषधाहून सक्ती केली ती संध्याकाळी दोन तास खेळण्याची. त्याचे वडील परवा मला कुरकुरत सांगत होते, "रोजचे दोन तास वाया जातात हो!"

"जाऊ द्या," मी म्हणालो, "दार उघडं आहे, म्हणून इंजिन शाबूत आहे."