आधी कोण?

मागच्या शनिवारी सोलापूरला गेलो होतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत मामांची टॉवेलची लहानशी फॅक्टरी आहे. "तू कॉम्प्युटरवाला ना, मग आमचा फोन नीट कर की," असं ते दोन महिने ऐकवत होते. फोन इंटरनेटवरचा. गिऱ्हाइकाशी बोलताना मामांचा आवाज समोर तुटक जायचा.

कारण लगेच सापडलं. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग दिवसभर क्लाउडवर चढत होतं आणि अपलोडचा जेमतेम २० एमबीपीएसचा रस्ता त्यातच भरून जात होता. मी आठ पोर्टांचा मॅनेज्ड स्विच बरोबर नेलाच होता.

(बोअर होत असेल तर हा पॅरा सोडा!) इथरनेटच्या फ्रेमवर प्राधान्याचा ३ बिटांचा शिक्का मारता येतो, म्हणजे ० ते ७ अशा ८ पायऱ्या. १९९८ पासून हे आयट्रिपलईच्या मानकात आहे. पण साधे कॅमेरे, पीसी असला शिक्का मारत नाहीत. मग स्विचलाच सांगायचं, या पोर्टातून येईल ते सगळं ५, त्या पोर्टातून येईल ते ०. आत काय आहे हे तो बघत नाही, कुठल्या दारातून आलं एवढंच बघतो आणि त्याप्रमाणे बाहेरच्या पोर्टावर रांगा लावतो. एक मेख आहे. जिथे तुंबतं तिथेच रांगेला अर्थ. स्विच ते राउटर वायर १ जीबीपीएसची, तिथे रांग लागतच नाही, तुंबतं ते पुढे राउटरमध्ये. म्हणून राउटरकडे जाणाऱ्या पोर्टाचा वेग मुद्दाम १८ एमबीपीएसवर बांधला. आता रांग माझ्या ताब्यात.

"बोला मामा, कोण मोठं?"

मामांनी पटापट नंबर लावले. फोन पहिला, कॅमेरे दुसरे ("चोरी झाली तर?"), ऑफिसचा पीसी तिसरा, कामगारांचं वायफाय शेवटी. मी तसंच केलं, तेही कडक पद्धतीने. म्हणजे वरची रांग रिकामी झाल्याशिवाय खालची हलायची नाही. फोन एकदम क्लिअर! मामा खूश. दुपारी मामींच्या हातची शेंगापोळी झाली.

संध्याकाळी शिलाईतल्या एक अक्का दारात आल्या. "दादा, काय केलात काय की, पोरीला मी दिसंना झालेय. आवाज पण जाईना."

मुलगी पुण्याला नर्सिंग शिकते. चहाच्या सुट्टीत रोज दहा मिनिटं व्हिडिओ कॉल. पत्र्याच्या शेडमध्ये मोबाइलला रेंज नाही, वायफायचाच आधार. सकाळपर्यंत अडखळत का होईना चालत होतं, मी ते पूर्ण बंद पाडलं होतं. लहानपणी आमची पॅसेंजर बाजूला उभी करून एकामागून एक एक्स्प्रेस सोडायचे, तेव्हा किती चिडायचो मी!

चूक मामांची नव्हती. मी प्रश्नच चुकीचा विचारला होता. कॅमेरे महत्त्वाचे आहेतच, पण रेकॉर्डिंग रेकॉर्डरच्या डिस्कवर असतंच ना. क्लाउडवरची कॉपी तासभर उशिरा गेली तर काय बिघडतं? बोलणाऱ्या माणसाला मात्र एक सेकंदही जड जातो. विचारायचं होतं ते हे, की कोण थांबू शकतं?

मग कडक पद्धत काढली आणि रांगांना वजनं दिली. फोनला ८, वायफायला ४, पीसीला २, कॅमेऱ्यांना १. यात शेवटच्याचीही पाळी येतेच, कोणी उपाशी राहत नाही.

"कामगार माझ्या कॅमेऱ्याच्या पुढं?" मामा.

"मामा, कॅमेऱ्याला पुण्यात पोरगी नाही."

मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ठेव तसंच."

असो. आता दर दोन दिवसांनी त्यांचा फोन येतो, आवाज अगदी खणखणीत. "कॅमेऱ्याचं चढतंय ना रे सगळं?"

चढतं मामा. रात्री फॅक्टरी बंद झाली की रस्ता मोकळाच असतो.