ठिपका आणि फुली

पॉइंट टू टूच्या रायफलीवर काय चढवावं, रेड डॉट की दुर्बीण, हा विषय अमेरिकेतल्या बंदुकांच्या दुकानात काउंटरला कोपर टेकून दुपारभर चघळता येतो. पेनसिल्व्हेनियात आल्यापासून मीही त्या चघळणाऱ्यांत मुरलो. जत्रेत छऱ्याच्या बंदुकीने फुगे फोडले होते, एवढ्या भांडवलावर.

ही गोळी मुळात गरीब. वजन जेमतेम २.६ ग्रॅम. हे काडतूस १८८७ सालचं. ठोका त्याच्या बुडाच्या मध्यावर पडत नाही, कडेवर पडतो, म्हणून हे रिमफायर. पेट घेणारा मसाला त्या कडेच्या घडीतच भरलेला असतो. खांद्याला धक्का नावापुरता. पन्नास यार्डांवर नेम जुळवला असेल तर शंभरावर पोचेपर्यंत गोळी सहासात इंच खाली उतरलेली असते. म्हणजे हिची जहागीर लहानच.

तेवढ्यासाठी काच हवीच कशाला, असं एखाद्या कोल्हापूरकराने विचारलं तर गप्प बसावं लागेल. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली ती पॉइंट टू टूवरच. २०२४ मध्ये पॅरिसला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक घेतलं, तेही हिच्यावरच. पन्नास मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं आणि दुर्बिणीला नियमानेच बंदी. डोळ्याजवळच्या बारीक छिद्रातून बघायचं आणि नळीच्या टोकावरच्या कड्यात काळा गोल अलगद बसवायचा.

पण ती मंडळी तपस्वी. आमचं काम पानगळीच्या दिवसांत ओक आणि हिकरीच्या झाडांखाली, टरफलं कुठून गळताहेत त्याचा अंदाज घेत खारी शोधण्याचं. (रामाने पाठीवरून बोटं फिरवली ती खार ही नव्हे. ही करडी, चांगली धष्टपुष्ट आणि पाठीवर एकही पट्टा नसलेली. मनाची समजूत घालायला तेवढं पुरतं.)

दुर्बिणीला डोळा लावला की जग एका गोलात येतं. नऊ पटींवर पन्नास यार्डांवरचा पाचसहा फुटांचा तुकडा तेवढा दिसतो, पण काय दिसतो! सालीच्या भेगांतलं शेवाळ, खारीच्या मिशा, दातांत धरलेलं फळ फिरवणारे तिचे पुढचे पंजे. आणि त्या सगळ्यावर थरथरणारी फुली. हात एरवी स्थिर वाटतो. दुर्बीण त्याचं पितळ उघडं पाडते. श्वास घेतला की फुली खाली जाते, सोडला की वर येते, आणि अधूनमधून जो बारीक हिसका बसतो ती आपलीच नाडी. शिवाय डोळा तीनचार इंचांवर, अगदी मधोमध हवा. जरा सरकला की गोलाच्या कडेने काळी चंद्रकोर उगवते. लांब पल्ल्याच्या रायफलींच्या दुर्बिणी बहुधा शंभर यार्डांसाठी जुळवलेल्या असतात. ती काच इथे आणली आणि मान किंचित हलली, तर फुली खारीच्या अंगावरून घसरताना दिसते. रिमफायरसाठीच केलेली दुर्बीण पन्नासला जुळवलेली असते. विकत घेताना एवढं एक विचारून घ्यावं, बाकी विक्रेत्याच्या गप्पा.

रेड डॉटचा कारभारच वेगळा. तिरप्या काचेवर खालून एक लाल दिवा प्रकाश टाकतो, काच तो समांतर करून डोळ्याकडे परतवते, आणि ठिपका काचेवर न दिसता दूर झाडावरच टेकलेला दिसतो. कल्पना १९०० सालची, डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांची, आणि गंमत म्हणजे ग्रब यांचा धंदा आकाशाच्या दुर्बिणी बनवण्याचा. विजेवर चालणारा ठिपका १९७५ मध्ये स्वीडनच्या एमपॉइंटने विकायला काढला. मोठं काही दिसत नाही. मात्र दोन्ही डोळे उघडे राहतात, डोकं थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं, आणि आजूबाजूचं जंगल जागच्या जागी असतं.

इथे मला द्रोणाचार्यांशी थोडं भांडायचं आहे. झाडावरच्या पक्ष्याबरोबर झाड, गुरू, भाऊ असं सगळंच दिसतं म्हणणाऱ्या युधिष्ठिराला त्यांनी बाजूला काढलं आणि फक्त पक्ष्याचं डोकं दिसणाऱ्या अर्जुनाला शाबासकी दिली. बाणाचं ठीक आहे. पण या बापड्या गोळीच्या डब्यावरही दीड मैलाचा इशारा छापलेला असतो. खार फांदीवर, आपण खाली, नळी आभाळाकडे. चुकलेली गोळी कोणाच्या तरी परसात जाऊन पडणार. म्हणून जाणते लोक खारीच्या मागे जाड खोड येईपर्यंत थांबतात, आणि झुडपामागे दुसऱ्या कोणाचं नारंगी जाकीट तर नाही ना, हेही बघतात. आमच्या चांदमारीवर पहिला नंबर युधिष्ठिराचा. त्या हिशेबाने ठिपकाच घ्यायला हवा.

माझ्या डोळ्यांना ते मान्य नाही. चष्म्यात सिलिंडरचा नंबर आहे, त्यामुळे ठिपका मला गोल दिसत नाही. पिचकारी मारल्यासारखा तिरका फुटतो, एक शेपूट वर, दोन खाली. वाटलं, यंत्रच बिघडलं. फोनने काचेतून फोटो काढला तर त्यात ठिपका कुंकवासारखा गोल. प्रकाश कमी केला की शेपट्या आखडतात, पण भर उन्हात ठिपकाच नाहीसा होतो. आणि ठिपका नीट दिसला तरी तीन मिनिटांच्या कोनाचा ठिपका पन्नास यार्डांवर दीड इंच झाकतो. खारीचं डोकं साधारण तेवढंच. ज्यावर नेम धरायचा तेच दिसेनासं होतं.

म्हणून रायफलीवर दोन ते सात पटींची दुर्बीण आहे. रानात ती दोनवरच ठेवतो. दोनवर गोल ऐसपैस असतो, दुसरा डोळाही उघडा ठेवता येतो. सात फक्त कागदावर भोकं पाडताना.

कॉलेजातून सुट्टीला आलेली लेक मात्र ठिपकाच मागते. तिचे डोळे ठणठणीत, तिचं लक्ष्य वीस यार्डांवर ओळीने मांडलेले रिकामे डबे, आणि ती एकामागून एक ते आडवे करते. तिच्यासाठी दर वेळी दुर्बीण उतरवून ठिपका चढवायचा, तर स्क्रू पिळायला पाच मिनिटं आणि नेम पुन्हा जुळवायला काडतुसं. तिचं म्हणणं, सरळ दुसरी रायफल घ्या ना बाबा. हिशेब मांडून बघितला, तसं काही ती चुकीचं बोलत नाही. आईला कोणी सांगायचं, एवढाच प्रश्न आहे.