दोन पात्यांचे देवास

देवास हे आज मध्य प्रदेशातील एक जिल्ह्याचे ठिकाण आहे. इंदूर आणि उज्जैन ही दोन मोठी नावे जवळ असल्यामुळे पुष्कळांना ते केवळ वाटेवरचे गाव वाटते. आम्हा जुन्या मराठी घरांची वाट मात्र पिढ्यांपूर्वी येथेच येऊन थांबली.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तुकोजी आणि जिवाजी हे पवार बंधू पेशव्यांच्या फौजेबरोबर माळव्यात उतरले आणि पुढे एकाच गावात दोन गाद्या स्थापन झाल्या: थोरली पाती व धाकटी पाती. राजवाडे दोन, दरबार दोन, कारभारही दोन. १९२१ साली इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी सचिव म्हणून येथे राहिले. राजवाड्यातील गोकुळाष्टमीचा सोहळा पाहून ते गोंधळले आणि भारावलेही. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या देवासविषयक पुस्तकाला नाव मिळाले ते येथील टेकडीवरच्या देवीवरून.

त्या टेकडीवर देवीही दोन आहेत. तुळजाभवानी ही थोरली माता, चामुंडा ही धाकटी. लोक त्यांना बहिणी मानतात आणि दोघींचे दर्शन घेतात. १९४८ साली दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. पात्या कागदोपत्री उरल्या. नवरात्रात टेकडी चढणाऱ्यांची रांग मात्र आजही तशीच आहे.

आमच्या घरांतही असे दोनपण सुखाने नांदत आले. भाद्रपदी पौर्णिमेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत माळव्यातल्या मुली भिंतीवर शेणाची संजा मांडतात. रोज नवी आकृती, तिच्यावर तेरड्याच्या पाकळ्या, संध्याकाळी आरती आणि माळवी गाणी. शेवटी किलाकोट मांडला जातो आणि मग सारे पाण्यात सोडले जाते. आमच्या मुली शेजारणींबरोबर ही संजा मांडीत. ती संपते न संपते तोच घटस्थापना होई, अंगणात पाट येई, पाटावर हत्ती उमटे आणि त्याच मुली भोंडल्याचा फेर धरीत. खिरापत ओळखण्याच्या खेळात माळवी मैत्रिणीही आमच्या पदार्थांची नावे शिकत. हे आपले आणि ते परके, अशी विभागणी कोणाच्या मनातही येत नसे.

माळव्याचे हे देणे कुमार गंधर्वांनी सर्वांत मोठ्या मनाने स्वीकारले. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीत जन्मलेले आणि मुंबईत देवधरांकडे शिकलेले कुमारजी १९४८ मध्ये क्षयाने आजारी असताना येथे आले. गाणे बंद होते. कानांवर येत होती ती भोवतालच्या लोकांची गाणी. त्या धुनांमधून त्यांनी पुढे नवे राग घडविले. १९९२ साली त्यांचे निधन झाले तेही देवासमध्येच.

आज आमची नातवंडे आजीशी मराठीत बोलू लागतात आणि वाक्य हिंदीत पुरे करतात. याची चिंता आमच्या प्रत्येक बैठकीत होते. भाषेच्या शुद्धतेवर भाषणे होतात, भोंडला सभागृहात वर्षातून एका सायंकाळी उरकला जातो. परंतु शेजारच्या घरीही संजा आता बाजारातून आणलेल्या छापील कागदाची असते आणि तिची गाणी माळवी मुलींनाही पाठ नसतात, इकडे आमचे लक्ष जात नाही. मराठीला हिंदीने मागे सारले, हे आमचे गाऱ्हाणे अर्धेच खरे आहे. माळवीचीही तीच दशा आहे. ज्या अंगणात या दोन्ही बोली मुलींच्या तोंडी बसत, ते अंगणच राहिले नाही.

म्हणून आम्हाला वाटते की भोंडला वाचवायचा तर आरंभ पितृपक्षापासून करावा. शेजारच्या आजींना बोलवावे, एखाद्या भिंतीचा कोपरा सारवून घ्यावा, मुलींचे हात शेणाने माखू द्यावेत आणि संजेची गाणी त्या आजींच्याच तोंडून ऐकवावीत. पंधरवड्यानंतर पाट मांडू तेव्हा त्या आजींनाही फेरात घ्यावे. खिरापत काय केली आहे, ते मात्र त्यांना आधी सांगू नये.