हाबन की झाइन?

जर्मन शिकणाऱ्या कुणालाही विचारा, 'बाबा रे, सगळ्यात जास्त डोकं कशानं खाल्लं?' पहिल्या महिन्यात उत्तर मिळेल, 'डेर, डी, डास'. म्हणजे टेबल म्हणे पुल्लिंगी, दिवा स्त्रीलिंगी आणि मुलगी चक्क नपुंसकलिंगी! पण आपण पडलो मराठी. तो, ती, ते करतच मोठे झालेलो. तीन लिंगांचं आपल्याला काय कौतुक?

खरा लोच्या होतो तो ए-वनची लेव्हल संपता संपता. 'काल काय केलंस?' या साध्या प्रश्नाचं उत्तर देताना. कारण तिथे समोर दोन दरवाजे असतात. एकावर लिहिलेलं 'हाबन', दुसऱ्यावर 'झाइन'. आणि तोंड उघडायच्या आत ठरवायचं असतं, कुठल्या दरवाज्यातून जायचं.

थोडक्यात फंडा असा. जर्मन माणूस रोजच्या गप्पांत कालची गोष्ट सांगताना बहुतेक वेळा पेर्फेक्ट वापरतो. त्यात दोन क्रियापदं लागतात. एक मदतनीस, तो वाक्यात दुसऱ्या नंबरवर. आणि मुख्य क्रियापद थेट शेवटी. मदतनीस दोनच, हाबन म्हणजे 'जवळ असणं' आणि झाइन म्हणजे 'असणं'. मी पिक्चर बघितला, 'इश हाबे आइनन फिल्म गेझेन'. मी मुंबईला गेले, 'इश बिन नाख मुंबई गेफारन'. बघितला तर हाबे, गेले तर बिन. का? तर तसंच असतं म्हणून!

आमची बॅच रविवारी सकाळी भरायची. पुणं आणि जर्मन हे प्रकरण तसं जुनंच आहे. एफसी रोडवरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकलेली एक तरी आत्या प्रत्येक पुणेरी घरात सापडतेच. आता त्यात नव्या लोकांची भर पडली आहे. चाकणच्या फोक्सवॅगन-मर्सिडीजच्या पट्ट्यातले इंजिनीअर, एमएसची तयारी करणारी पोरं. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून नर्सिंगच्या मुलीही क्लासची चौकशी करू लागल्या. आमच्या वर्गात हे सगळे होते. शिवाय म्युनिकच्या नातवाशी त्याच्या भाषेत बोलायचं म्हणून आलेले एक रिटायर्ड काका. आणि मी. माझा दादा 2019 पासून त्याच बाडेन-वुर्टेम्बर्गच्या राजधानीत, स्टुटगार्टला आहे. मास्टर्स करायला मीही तिकडेच जायचं, असं घरात केव्हाचं ठरलेलं होतं.

मॅडमनी पहिल्याच दिवशी नियम सांगितला. क्रियापदात जागा बदलली किंवा अवस्था बदलली की झाइन. बाकी सगळं हाबन. आमच्यातल्या एका मेकॅनिकल इंजिनीअरनं लगेच वहीत फ्लोचार्ट काढला. 'हालचाल आहे का? हो, तर झाइन.' मॅडमनी विचारलं, 'मग नाचणं?' झालं, फ्लोचार्ट तिथेच कोसळला. कारण रात्रभर नाचलात तर हाबन. पण नाचत नाचत हॉलच्या या टोकापासून त्या टोकाला गेलात, तर झाइन! म्हणजे प्रश्न हातपाय हलले का, हा नाहीच. नुसतं घाम गाळणं वेगळं आणि कुठेतरी पोचणं वेगळं. (आमच्या आयटीतल्या मित्रमंडळींना हे पटकन कळेल.)

गंमत म्हणजे आपल्याला दोन्हीकडून ओढ असते. इंग्रजीतून विचार केला की 'आय हॅव गॉन', म्हणून प्रत्येक ठिकाणी हाबन येतं. जुन्या इंग्रजीतही हे दोन दरवाजे होते. 'ही इज गॉन' ही त्याचीच उरलेली खूण. पुढे इंग्रजीनं एक दरवाजा बंद करून टाकला. जर्मन, डच, फ्रेंच, इटालियन यांनी मात्र दोन्ही उघडे ठेवले. आणि मराठीतून विचार केला, तर उलटंच होतं. आपल्याकडे 'टू हॅव'ला वेगळं क्रियापदच नाही! माझ्याकडे गाडी 'आहे', मला भाऊ 'आहे', मी जेवण केलं 'आहे', मी आले 'आहे'. सगळीकडे 'आहे'च. त्यामुळे वर्गातल्या एकानं 'मी खाल्लं आहे'चं सरळ 'इश बिन गेगेसन' करून टाकलं. मॅडमनी शांतपणे विचारलं, 'कुणी खाल्लं तुला?'

आख्खा वर्ग हसला. पण मी त्या दिवशी घरी येताना स्कूटरवर हाच विचार करत होते. मराठीत मदतनीस एकच आहे, मान्य. मग हा फरक आपल्या भाषेत नाहीच का?

आहे की! शाळेत रट्टा मारलेला कर्तरी आणि कर्मणी प्रयोग आठवा. 'मी गेले.' इथे क्रियापद माझ्यामागून येतं. मी मुलगी, म्हणून गेले. दादा असता तर 'गेलो'. पण 'मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली'. इथे मी मुलगी की मुलगा, याची क्रियापदाला काही पडलेलीच नाही. ते आंब्यामागे नाही तर पोळीमागे धावतं. आणि जिथे जिथे आपलं क्रियापद असं कर्माच्या मागे जातं, तिथे जर्मनमध्ये जवळजवळ डोळे मिटून हाबन. कारणही जवळचंच आहे. हे हाबन मुळात मालकीचंच. 'माझ्याकडे पत्र आहे, लिहिलेलं', यातूनच 'मी पत्र लिहिलं आहे' तयार झालं. म्हणजे अर्धा पेपर शाळेतच सुटलेला होता. आपल्याला फक्त कुणी सांगितलं नव्हतं.

उरलेल्या अर्ध्यात मात्र कान लागतो. 'मी झोपले' याला हाबन. झोपले खरी, पण त्यात काही बदललं नाही, नुसती तासन् तास पडून होते. 'मला झोप लागली' याला झाइन. जागेपणातून झोपेत गेले ना! 'मला जाग आली', तर पुन्हा झाइन. घर बदललं तर झाइन, कपडे बदलले तर हाबन, आणि क्रियापद तेच, उमत्सीएन! वजन वाढलं तर खरं म्हणजे अवस्था बदलते, पण तिथे हाबन. कारण त्या 'त्सूनेमन'च्या पोटात 'नेमन' म्हणजे 'घेणं' बसलेलं आहे. वजन आपण घेतलेलं असतं, ते आपोआप होत नाही. डायटवाल्यांनी हे फ्रीजवर लावून ठेवायला हरकत नाही.

आणि पुस्तक पाठ झालं म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. 'मी बसले होते'ला आमच्या पुस्तकात हाबन आहे. दादाची स्टुटगार्टची घरमालकीण सरळ 'इश बिन गेझेसन' म्हणते. दक्षिण जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, सगळीकडे बसणं, उभं राहणं, पडून असणं झाइनमध्येच. चूक नाही, तिकडची बोलीच तशी. आपल्याकडे नाही का, कोल्हापूरचं एक आणि पुण्याचं एक?

मग एका रविवारी होमवर्क मिळालं. 'गेल्या वर्षी काय काय झालं, दहा वाक्यं.' ते 2023 चं वर्ष होतं. मी लिहिलं, 'इश हाबे माइनन फाटर इन्स क्रांकनहाउस गेफारन.' मी बाबांना गाडीनं हॉस्पिटलमध्ये नेलं. कर्म आहे, म्हणून हाबन. पुढचं वाक्य लिहिलं, 'इश बिन अलाइन नाख हाउझ गेफारन.' मी एकटी घरी आले. कर्म नाही, म्हणून झाइन. क्रियापद तेच, फारन. नियमाप्रमाणे दोन्ही वाक्यं बरोबर होती. मधे अकरा दिवस होते.

मॅडमनी दोन्हींवर टिक केली आणि वही थोडा वेळ तशीच हातात धरून उभ्या राहिल्या. मग हळूच पुढे सरकवली.

'मरणं', श्टेर्बन, याला झाइन का, हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. आपल्याकडे माणूस गेला असंच म्हणतात. बाबा गेले. जाण्याला जो मदतनीस, तोच याला.

त्यानंतर स्टुटगार्टचं पुढे ढकलत गेले. आई म्हणाली, 'हे बघ, माझ्यासाठी म्हणून थांबू नकोस हं. नंतर मलाच बोल लावशील.' दादा फोनवर म्हणाला, 'तू ये गं, आईचं बघू काहीतरी.' हे 'काहीतरी' म्हणजे नक्की काय, ते तिघांनाही माहीत नव्हतं. मी थांबले. कुणी थांब म्हणालं नव्हतं. या घरात, या शहरात, ज्या भाषेत मी लिहून पोट भरते त्या भाषेत, मला राहायचं होतं. आईपाशी राहायचं होतं. जर्मन मात्र सोडली नाही.

बॅचमधली मंडळी एकेक करत उडाली. कुणी आखनला, कुणी म्युनिकला. ग्रुपवर बर्फाचे फोटो येतात. आणि इकडे सोसायटीतल्या काकू लिफ्टमध्ये हमखास विचारतात, 'अगं, तुझं ते जर्मनीला जायचं राहिलंच का गं?'

राहिलंच! मराठीतला हा शब्द मोठा बेरकी आहे. ट्रेनमधून उतरताना आपण विचारतो, 'काही राहिलं नाही ना?' सिलॅबस राहतो, पैसे राहतात, सांगायचं राहून जातं. जे राहिलं, ते म्हणजे चुकलेलं, विसरलेलं, मागे पडलेलं. काकूंच्या तोंडून ऐकताना मी एखादी सीटखाली राहिलेली पिशवी आहे, असं वाटायला लागतं.

पण झाइनची यादी पाठ करताना एका क्रियापदापाशी मी थबकले. ब्लायबन, म्हणजे राहणं. हालचाल शून्य. अवस्थाही जशीच्या तशी. नियमाप्रमाणे याला हाबन मिळायला हवं. पण नाही! ब्लायबनला झाइन. 'इश बिन गेब्लीबन.' मी मॅडमना विचारलं, असं का? त्या म्हणाल्या, 'अपवाद आहे, पाठ कर.' पाठ तर झालंच. पण मला वाटतं, सगळं हलत असताना जिथल्या तिथे राहायलाही काहीतरी करावं लागतं, हे त्या भाषेला माहीत असावं. तिनं राहणाऱ्यांना जाणाऱ्यांच्याच रांगेत बसवलंय. गेले, आले, पोचले, राहिले. सगळ्यांना एकच मदतनीस.

परवा लिफ्टमध्ये काकूंनी पुन्हा तेच विचारलं. मी म्हटलं, 'काकू, जायचं राहिलं नाही. मी राहिले.'

त्यांना फरक कळला की नाही, माहीत नाही. पण आपल्या व्याकरणात तो आहे. क्रियापद माझ्यामागून आलं होतं.