बोदलकसाची वाट आणि गाडीमागचे घर

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यात बोदलकसा नावाचा मोठा तलाव आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा जिल्हा झाला; त्यापूर्वी हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडत असे. मुंबई-हावडा लोहमार्गावर तिरोडा स्टेशनला उतरावे, धानाच्या बांध्या मागे टाकीत जंगलाच्या दिशेने निघावे. डोंगरांच्या कुशीत मातीची पाळ बांधून अडवलेले पाणी समोर येते. हा तलाव इंग्रजी अमदानीत, १९१७ साली, शेतीसाठी बांधला गेला. नागझिऱ्याचे जंगल जवळच आहे. २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हापासून या भागाकडे पर्यटकांचे पाय अधिक वळू लागले. पर्यटन विकास महामंडळानेही तलावाकाठी राहण्याची सोय केली.

पर्यटक आले म्हणजे रोजगाराचा विचार येतो आणि तो यायलाच हवा. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचे घर. काही घरे मोटारीतच बांधलेली असतात, तर काही ट्रेलरसारखी गाडीच्या मागे जोडून ओढावी लागतात. आपल्यातला एखादा तरुण कर्ज काढून पिकअप घेतो, आठवडी बाजाराचा भाजीपाला वाहतो, हप्ते भरतो. उद्या त्याच्या मनात आले की, या पिकअपमागे एक फिरते घर जोडावे आणि पर्यटकांना बोदलकसा, नागझिरा दाखवावे, तर ते स्वप्न वाईट नाही. पण ट्रेलर कोणता घ्यावा, याचा हिशेब आधी मांडला पाहिजे. हिशेब चुकला तर हप्ता थकतो, आणि कधी जीवही जातो.

पहिला प्रश्न लोक हमखास विचारतात तो सिलिंडरचा. परदेशी गेलेला एखादा नातेवाईक फोनवर सांगतो, “आमच्याकडे पिकअपला सहा सिलिंडर असतात, काहीही ओढते.” आपल्या रस्त्यावर नेहमी दिसणारी बोलेरो पिकअप चार सिलिंडरची आहे. म्हणून ती कमी, आणि सहा सिलिंडरची म्हणजे हत्ती, असा समज होतो. हा समज अर्धाच खरा आहे. २०२१ सालच्या अमेरिकन फोर्ड एफ-१५० या पिकअपचेच उदाहरण घ्या. तिची दोन इंजिने सहा-सहा सिलिंडरचीच होती. साध्या ३.३ लिटर इंजिनाची गाडी कंपनीच्या आकड्यानुसार जास्तीत जास्त सुमारे ३,७०० किलो ओढू शकत होती, तर टर्बो बसवलेल्या ३.५ लिटर इंजिनाची गाडी सुमारे ६,३५० किलो. सिलिंडर तेवढेच, ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक. शिवाय हे आकडे सर्वात अनुकूल जोडणीचे. गिअरचे प्रमाण, गाडीची लांबी, सांगाडा, ब्रेक, रेडिएटर हे सारे बदलले की आकडा खाली येतो. म्हणून सिलिंडर मोजू नका. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याच्या वजनाची मर्यादा दिली आहे काय, ते पाहा. मर्यादा दिलेलीच नसेल, तर त्या गाडीला ट्रेलर जोडू नये. विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर मुळीच जाऊ नये.

आता जमाखर्च मांडू. समजा, पुस्तिकेत ओढण्याची मर्यादा २,००० किलो दिली आहे. दुकानात ट्रेलर रिकामा उभा असतो, त्याचे वजन १,३५० किलो. विकणारा म्हणतो, ६५० किलो शिल्लक राहिले. पण घर रिकामे राहत नाही. दीडशे लिटर पाणी भरले की १५० किलो झाले. स्वयंपाकाचा भरलेला गॅस सिलिंडर ३० किलोचा. गाद्या, भांडी, शिधा, बॅटरी, जादा चाक मिळून २०० किलो धरा. बेरीज १,७३० किलो. म्हणजे शिल्लक फक्त २७० किलो. चढावासाठी, उन्हाळ्यात तापणाऱ्या इंजिनासाठी एवढी शिल्लक राखावीच लागते. त्यापेक्षा जड ट्रेलर या गाडीला पेलणार नाही.

खर्चाची दुसरी बाजू तर बहुतेकजण विसरतात. ट्रेलरचे सगळे वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर नसते. जोडाच्या ठिकाणी त्यातला साधारण दहा ते पंधरा टक्के भार पिकअपच्या मागच्या भागावर दाबतो. १,७३० किलोला हा भार १७३ ते २६० किलो होतो. मध्यम धरून २२० म्हणू. पिकअपमध्ये पाच माणसे बसली, प्रत्येकी साठ किलो, म्हणजे ३०० किलो. सामान ६० किलो. एकूण ५८० किलो. गाडीची स्वतःची भारक्षमता ६०० किलो असेल, तर ती जवळजवळ भरली. सहावा माणूस बसवायला जागा असली तरी भार बसत नाही. जोडावर भार फार कमी पडला, तर मागचा ट्रेलर सापासारखा डावी-उजवीकडे वळवळतो. फार जास्त पडला, तर पिकअपची पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग नीट ऐकत नाही. म्हणून जड सामान ट्रेलरच्या मध्यभागी, चाकांच्या आसाजवळ ठेवावे. पार मागे ठेवू नये.

ब्रेकचा विचार याहून मोठा. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर सुमारे चौपट होते. इंजिन ओढेल तेवढे जोडू नये, ब्रेक थांबवतील तेवढेच जोडावे. एवढ्या वजनाच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. शिवाय जोड सुटला तर धरून ठेवणाऱ्या साखळ्या आणि चालू स्थितीतले मागचे दिवे हवेत. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ट्रेलर हेही वाहनच आहे. त्यामुळे त्याची नोंदणी आणि विमा आधी आर.टी.ओ. व विमा कार्यालयात विचारून घ्यावा, मगच इसार द्यावा.

आता बोदलकसाची वाट डोळ्यांसमोर आणा. रस्ता गावांतून जातो, तिथे बकऱ्या, सायकली आणि शाळेची मुले असतात. पुढे जंगलाचा अरुंद रस्ता, वर झाडांच्या फांद्या. समोरून भरलेला ट्रक आला तर मागे घ्यावे लागते, आणि ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उलट फिरवावे लागते, हे सरावाशिवाय जमत नाही. पावसाळ्यात बांधीच्या कडेला उतरलेले चाक चिखलात रुतते. अशा वाटेला लांब, उंच, दोन आसांचे घर सोयीचे नाही. एका आसाचे, हलके, प्रवासात घडी घालून बसके होणारे तंबूचे ट्रेलरच इथे शोभते. त्याला वारा कमी लागतो, फांद्या लागत नाहीत, आणि कर्जही कमी लागते.

यात आपल्या घराघरांशी संबंध असलेली एक गोष्ट आहे. गावाकडे लग्नाला, यात्रेला, कधी नागपूरला दीक्षाभूमीवर जाताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत किंवा मालवाहू पिकअपच्या मागे बायका-मुले बसवण्याची रीत आहे. स्वस्त पडते म्हणून आपण बसतो. पण मालवाहू वाहनात फुकट बसवलेल्या प्रवाशाच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये दिला आहे. अपघात झाला तर कमावता माणूस जातो आणि कुटुंबाला भरपाईसाठी गाडीमालकाच्या दारी फिरावे लागते. तो मालकही बहुधा आपल्यासारखाच कर्जात बुडालेला. फिरत्या घराचेही तसेच. आत पलंग आहे म्हणून चालत्या ट्रेलरमध्ये आजीला किंवा लेकराला झोपवू नये. घर उभे राहिल्यावरच घर. चालताना ते निव्वळ ओझे.

बोदलकसाला पोहोचल्यावर आणखी एक भान ठेवावे. हे पाणी सहलीसाठी अडवलेले नाही. त्यावर खालचा धान पिकतो. भंडारा-गोंदियाच्या तलावांवर ढीवर बांधवांच्या कित्येक पिढ्या मासोळी आणि शिंगाड्यावर जगल्या. फिरत्या घरातले साबणाचे सांडपाणी आणि संडासाची टाकी या तलावात किंवा नाल्यात सोडणे म्हणजे दुसऱ्याच्या ताटात घाण टाकणे होय. सांडपाणी साठवण्याची टाकी नसलेला ट्रेलर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. त्या टाकीचे वजनही वरच्या हिशेबात धरावे.

ज्यांना धंदा करायचा नाही, त्यांनी ट्रेलरच्या फंदात पडण्याचे कारण नाही. रेल्वेने तिरोडा गाठावे, चार कुटुंबांनी मिळून प्रवासी परवान्याची गाडी करावी, घरची भाकर बांधून न्यावी. हिवाळ्यात पाखरे येतात, ती पाहावीत, आणि दिवस असता जंगलाचा रस्ता ओलांडावा. ज्यांना धंदा करायचा आहे, त्यांनी कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी सगळे सामान भरून, माणसे बसवून गाडी आणि ट्रेलर एकदा जवळच्या धर्मकाट्यावर चढवावेत. काट्याची चिठ्ठी आणि गाडीची पुस्तिका शेजारी ठेवून वाचावी, घरच्यांनाही वाचून दाखवावी. आकडे जुळले तर खुशाल निघावे.