गादी फर्म आहे, पण कुणाला?

शनिवारची संध्याकाळ, मॉल तुडुंब, आणि तुम्ही गाद्यांच्या शोरूममध्ये आडवे. बूट गादीबाहेर लटकतायत, सेल्समन डोक्याशी उभा, शेजारच्या गादीवर आणखी एक जोडपं गंभीर चेहऱ्यानं छताकडे बघत पडलंय. दोन मिनिटांत प्रश्न येतो, ‘‘कसं वाटतंय, मॅडम?’’ आता काय सांगणार? आठवडाभर डेडलाइनच्या मागे धावलेल्या माणसाला शोरूममधली कुठलीही गादी स्वर्गच वाटते! म्हणून माझं मत स्पष्ट आहे. गादीचा इंटरव्ह्यू शोरूममध्ये घेऊच नये. तिला घरी न्यावं आणि जमलं तर अख्ख्या खानदानाला तिच्यावर झोपवावं.

मी तेच केलं. फक्त घर पुण्यातलं नव्हे, मोडनिंबचं.

पुण्याहून सोलापूरकडे जाताना टेंभुर्णी मागे टाकली की मोडनिंब येतं. रेल्वेनं आलात तर कुर्डुवाडी-पंढरपूर लाइनवरचं स्टेशन. तालुका माढा. आमचं घर गावाबाहेर वस्तीवर, भोवती ऊस आणि थोडी डाळिंबं. या घरात झोपण्याच्या जागा वर्षानुवर्षं ठरलेल्या. अण्णा ओसरीत सुतळीच्या बाजेवर. दादा-वहिनी आतल्या खोलीत कापसाच्या गादीवर. आणि आई मधल्या घरात, खाली, वाकळ टाकून.

खरा प्रश्न आईचा होता. दिवाळीत एकदा रात्री पाणी प्यायला उठले, तर आईही उठत होती. आधी कुशीवर वळली, मग एक गुडघा टेकला, मग हात भिंतीला, मग दाराच्या चौकटीला. मध्ये थांबून श्वास घेतला. उभी राहिली तेव्हा माझा ग्लास भरून, पिऊन झाला होता. डॉक्टरांनी जमिनीवरची ऊठबस बंद करायला सांगून वर्ष झालेलं. पण आईचं म्हणणं एकच, ‘‘पलंगावर आजारी माणूस झोपतं.’’ यावर काय बोलणार? मग मी गादी आईसाठी नाही, ‘घरासाठी’ मागवली. पाहुणे येतात, आषाढीला तर घर भरतं, असू दे एक चांगली.

मागवली ती चांगलीच म्हणजे लक्झरी हायब्रिड, फर्म, दहा इंच जाड, किंग साइज. शंभर रात्रींची ट्रायल. ऑर्डर देण्याआधी फोन करून फक्त एक गोष्ट विचारून घेतली. परत न्यायची वेळ आली, तर गाडी आमच्या पिनकोडपर्यंत येते का? शहराबाहेर राहणाऱ्या प्रत्येकानं हे विचारावंच. पोचवायला सगळे येतात, परत न्यायला येतीलच असं नाही!

फेब्रुवारीच्या शेवटी टेम्पोवाल्यानं फाट्यावर खोकं उतरवलं. आत गुंडाळी केलेली गादी. ‘‘एवढीशीच?’’ आई म्हणाली. प्लॅस्टिक कापल्यावर ती फुसफुसत, श्वास घेत उठायला लागली आणि आई दोन पावलं मागे सरकली. किंमत मी निम्मी करून सांगितली, तरी, ‘‘आगं, एवढ्यात दोन शेळ्या आल्या असत्या की!’’ नव्या फोमचा वास होता, तो दोन दिवस खिडक्या उघड्या ठेवल्यावर गेला.

हायब्रिड म्हणजे काय, तर खाली स्प्रिंगा आणि वर फोम किंवा लेटेक्स. स्प्रिंगा जुन्या सोफ्यासारख्या एकमेकींना बांधलेल्या नसतात, प्रत्येक स्प्रिंग कापडाच्या वेगळ्या पिशवीत. ही कल्पना विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरची, कॅनडातल्या जेम्स मार्शल यांची. वरच्या थरातला मेमरी फोम त्यामानानं तरुण. १९६६ मध्ये नासासाठी काम करताना चार्ल्स योस्ट यांनी तो विमानातल्या सीटसाठी बनवला. म्हणजे एका गादीत दोन वेगळ्या काळांतली डोकी. स्प्रिंगा उचलून धरतात, फोम अंगाच्या खाचाखोचा भरतो. फर्म मॉडेलमध्ये हा मऊ थर पातळ असतो, बस्स.

आणि ‘फर्म’ म्हणजे किती? इथेच सगळा घोळ आहे. आमच्या गादीवर दहापैकी सात असं छापलं होतं. पण हा आकडा कंपनीचा स्वतःचा, सगळ्यांनी पाळायची अशी एक फूटपट्टी बाजारात नाही. एकीचा सात दुसरीचा सहा असू शकतो. शिवाय तो आकडा झोपणाऱ्याचं वजन विचारत नाही, तो कुशीवर झोपतो की पालथा हे विचारत नाही. मी फर्म घेतली त्यामागे साधा हिशेब होता. जमिनीवर आणि बाजेवर वाढलेलं घर, जास्तीत जास्त पाठी हिच्यावर पास होतील. आईची होते का, तेच बघायचं होतं.

पहिला नंबर अण्णांचा. अण्णा ऐंशी किलोंचे, उताणे झोपणारे. अर्ध्या तासानं निकाल आला. ‘‘ही घट्ट व्हय? आमची बाज घट्ट.’’ असं म्हणून सकाळी सातपर्यंत घोरत पडले! उताण्या आणि वजनदार माणसाला फर्म गादी मानवते, कारण सगळ्यात जड भाग म्हणजे कंबर, आणि ती आत बुडत नाही. बाजेत मधोमध झोळ पडतो, तिथे अण्णांची पाठ केळ्यासारखी वाकलेली असायची. आठवडाभर त्यांनी कमरेला बाम लावला नाही, ही वहिनीची नोंद. अण्णांना विचाराल तर असं काही घडलंच नाही. आठव्या दिवशी ते बाजेवर परत. ओसरीतून रस्ता दिसतो, गादीवरून दिसत नाही, हे खरं कारण.

मग दादा-वहिनी. दादा पालथा झोपतो. अशा माणसाला मऊ गादी घातकच, पोट खाली जातं आणि कंबर उलटी वाकते. फर्मवर तो सरळ राहिला. उशी मात्र बदलावी लागली, जाड उशीवर पालथं झोपलं की मान पिरगाळते. पण आमच्या घरात या गादीचा सगळ्यात मोठा पराक्रम पाठीशी संबंधितच नाही. तो आहे मोटारीशी. शेतीची वीज काही आठवडे दिवसा, काही आठवडे रात्री. रात्रपाळी असली की दादा दोनला उठणार, मोटार चालू करणार, दारं धरून चारला परत येणार. कापसाच्या गादीवर तो उठला की मधल्या खळग्यात वहिनी घरंगळायची आणि जागी व्हायची. वर्षानुवर्षं तिची झोप महावितरणच्या वेळापत्रकावर चाललेली! नव्या गादीवर पहिल्याच रात्रपाळीनंतर सकाळी तिनं दादाला विचारलं, ‘‘रात्री गेलाच नव्हता का?’’ त्या वेगवेगळ्या पिशव्यांचा फायदा तो हा. एका बाजूची स्प्रिंग दबली तरी दुसऱ्या बाजूच्या स्प्रिंगेला जवळजवळ पत्ता लागत नाही. ब्रोशरवाले हे दाखवायला गादीवर वाइनचा ग्लास ठेवतात. त्यांनी मोडनिंबला येऊन वहिनीचा फोटो काढावा.

आता आई. तिला तयार करायला एप्रिल उजाडला, तेही ‘फक्त दुपारी पडून बघ’ या बोलीवर. पहिली अडचण गादीची नव्हतीच, उंचीची होती. पलंग अठरा इंच, त्यावर दहा इंचांची गादी, आणि आई पाच फुटांपेक्षा एक इंच कमी. काठावर बसली की पाय लोंबकळायचे, उतरायचं तर उडीच मारायची. जाहिरातीत जाडी वाढली की ऐट वाढते, पण म्हाताऱ्या गुडघ्यांना लागतं ते वेगळंच. काठावर बसल्यावर तळवे पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे साधारण काटकोनात. सुताराला बोलावून पलंगाचे पाय सहा इंच कापले. तरी थोडा उंचच राहिला, पण पाय टेकले.

मग मात्र कमाल झाली. हायब्रिडच्या कडांना जाड आधार असतो, काठावर बसलं तरी ती खचत नाही. आई काठावर हात टेकवायची आणि एका झटक्यात उभी. भिंत नाही, चौकट नाही. चौथ्या दिवशी स्वतःहून म्हणाली, ‘‘उठायला बरं पडतं.’’ दुपारची बोली तिसऱ्या आठवड्यात आपोआप रात्रीवर गेली. कुणी काही बोललं नाही. वहिनीनं तेवढी वाकळ घडी घालून फळीवर ठेवली.

पण झोप? आई कुशीवर झोपते आणि वजन जेमतेम पंचेचाळीस. कुशीवरच्या माणसाचा बहुतेक भार खांदा आणि खुबा, एवढ्यावरच येतो. ते थोडे आत जायला हवेत. फर्म गादी दबायला जेवढं वजन लागतं, तेवढं आईकडे नाहीच. अण्णांना जी गादी मऊ, ती आईला फळी. सकाळी उजवा हात बधिर. ‘‘जमिनीवर व्हायचं की असंच,’’ असं म्हणून तिनं ते सोडून दिलं, मी नाही सोडलं.

इथे एक जुना अभ्यास उपयोगी पडतो. २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये फ्रान्सिस्को कोवाक्स आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला होता. स्पेनमध्ये कंबरदुखीच्या ३१३ जणांना काही फर्म, काही मीडियम-फर्म गाद्या वाटल्या, कुणाला कुठली ते सांगितलं नाही. नव्वद दिवसांनी मीडियम-फर्मवाल्यांना पडल्यावरही दुखणं कमी आणि सकाळी उठतानाही. कडक गादी म्हणजे निरोगी पाठ, हे आपल्याकडे घराघरांत ऐकवलं जातं, त्याला हे मोठंच उत्तर. गंमत म्हणजे त्या अभ्यासाच्या मोजपट्टीवर एक म्हणजे सगळ्यात कडक आणि दहा म्हणजे सगळ्यात मऊ, आपल्या ब्रोशरच्या बरोबर उलटं!

मे महिन्यानं आणखी एक पेपर काढला. पारा चाळीशीच्या वर, स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तापलेला. मेमरी फोम उष्णतेनं मऊ होतो, त्यामुळे फेब्रुवारीतला सात मेमध्ये सहावर आला असावा. आईचा खांदा जरा सुखावला, पण पाठ घामानं भिजली. फोम अंगाची ऊब धरून ठेवतो. खालच्या स्प्रिंगांमधून हवा खेळते खरी, पण वरचा थर जाड असेल तर ती तुमच्यापर्यंत पोचायला हवी ना. सोलापुरी चादर अंथरल्यावर थोडा फरक पडला, फार नाही. बाकी सगळे गच्चीवर पळाले. दहा इंची गादी गच्चीवर नेण्याची सोय नाही, दोन माणसांना ती वळवता वळवत नाही. तिला कडक उन्हात टाकायची नाही आणि उलटी करायची नाही, फक्त डोक्याकडची बाजू पायाकडे करायची, हे कळल्यावर आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. ‘‘ऊन दाखवायचं नाही? मग ढेकणांनी काय करायचं?’’ कापसाची गादी दर उन्हाळ्यात वाळते, दोन-चार वर्षांनी पिंजाऱ्याकडे जाऊन पुन्हा नवी होते. हायब्रिड एकदा खचली की खचली. या मुद्द्यावर मी आईच्या बाजूनं आहे.

अण्णांचा सल्ला, गादीवर गादी टाका. वाकळ टाकून पाहिली. शिवणीनं घट्ट झालेली जुनी वाकळ थंड ठेवते, पण खांद्याला काही देत नाही. दोन इंचांचा लेटेक्सचा टॉपर हा खरा उपाय, पण उंची पुन्हा वाढणार आणि सुतार आता पलंगाला हात लावायला तयार नाही.

शंभरावी रात्र जूनच्या पहिल्या आठवड्यात होती. फर्म गादी परत गेली नाही. ती दादा-वहिनीच्या खोलीत गेली, वहिनीनं तिथे आधीच जागा करून ठेवली होती. आईसाठी सिंगल मागवलीय, सहा इंच, लेटेक्सची, मीडियम-फर्म. पायकापू पलंगावर नाही, वेगळ्या दिवाणावर, एकूण उंची सतरा इंच. आई टेप घेऊन स्वतः मोजायला बसली होती. मधले चार दिवस तिला पलंग नाही म्हटल्यावर खाली झोपायला ती तयार होती, पण आम्ही नव्हतो. सध्या ती अण्णांच्या बाजेवर आहे आणि अण्णा ओसरीत खाली, वाकळ टाकून, रस्त्याकडे तोंड करून.