आमच्या फळीवरचे पॅटन

आमच्या गुंजवण्यात परका माणूस दिसला की तो राजगडावर निघालाय, हे न विचारताच कळते. चोरदरवाजाने उतरून आलेले पाहुणे पाणी प्यायला ओसरीवर टेकतात आणि फळीवरचे रणगाडे पाहून विचारतात, "मुलांचे का?" मुलांचे नव्हेत, आम्हा दोघा भावांचे. चाळिशी ओलांडली तरी नाद सुटलेला नाही.

नाद लावला अब्बांनी. ते फौजेत विजयंता रणगाड्याचे चालक होते. निवृत्त होऊन गावी आल्यावर त्यांनी आम्हाला अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) रणगाडा संग्रहालयात नेले. १९९४ साली सुरू झालेले हे संग्रहालय घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहावे असे आहे. तिथे पाकिस्तानकडून जिंकलेले पॅटन उभे आहेत. अब्बा म्हणाले, "नाव वाचू नका. आधी डोकं बघा, मग धड." एम-४७ चा माथा अरुंद, मागे लांबलेला, आत पाच माणसे. त्याच्यानंतरच्या एम-४८ चा माथा पालथ्या कढईसारखा गोल, आणि माणसे चार. तोफ दोन्हींची ९० मिलिमीटरचीच. बाजूबाजूला पाहिले की आधीच्या गाडीत काय खटकले म्हणून नवी काढली, ते ध्यानात येते.

घरी तीच तुलना आम्ही प्लॅस्टिकच्या किटांवर करतो. माप १/३५, म्हणजे सात मीटरचे धड वीस सेंटिमीटरांत. या विचित्र आकड्यामागची गोष्ट गमतीची आहे. जपानच्या टामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला. पोटात बॅटऱ्या मावतील एवढा तो केला, तेव्हा माप १/३५ च्या आसपास भरले आणि पुढे जगभर तेच चालू राहिले. म्हणूनच जुन्या किटांच्या तळाला मोटरच्या कळीसाठी भोके असतात, आणि पट्टे रबरासारखे, अखंड. नव्या किटांत पट्ट्याची एकेक कडी सुटी येते, जाळ्या पितळी पत्र्याच्या. एका पट्ट्याला आमच्या चार रात्री जातात. पावसाळ्यात रंगाचे नावच काढायचे नाही; इथल्या दमट हवेत लॅकर पांढरट पडते.

दिसायला नवे किट सरस, यात वाद नाही. पण साखरेच्या आजाराने अब्बांची नजर गेली आहे. ते आता बोटांनी बघतात. नव्या गाडीच्या बारीक कड्या त्यांच्या हाताखाली मोडतात, आणि मोडले की ते हात मागे घेतात, मग दिवसभर फळीकडे फिरकत नाहीत. जुना एम-४८ मात्र ते बिनधास्त मांडीवर घेतात, चाके फिरवतात आणि पट्टा ढिला आहे म्हणून आम्हाला दटावतात. त्यामुळे हल्ली आम्ही जुनीच किटे शोधतो. शौकीन मंडळी हसतात, हसोत.

किटाबरोबर सैनिकांचे पुतळेही येतात. दादीने पहिल्याच दिवशी बजावले होते, "गाडी ठेवा बेटा, माणसं नकोत." दादी गेल्या, पण त्यांचा शब्द आम्ही पाळतो. आमच्या सगळ्या रणगाड्यांची झाकणे बंद असतात.

अडचण आली ती जीपची. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तरच्या लढाईत ४ ग्रेनेडियर्सचे हवालदार अब्दुल हमीद यांनी उसाच्या शेतांच्या आडोशाने, जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या तोफेने एकामागून एक पॅटन उडवले. १० सप्टेंबरला ते तिथेच शहीद झाले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. ती जीप आपल्या फळीवर असावी, ही अब्बांची फार दिवसांची इच्छा होती. पण जीप उघडी, तिला झाकण कुठले? धाकट्याचे म्हणणे, एवढा एक पुतळा बसवू. थोरल्याला ते पटेना. शेवटी अब्बांनाच विचारले.

"हमीदसाहेबांची जागा रिकामीच ठेवा," ते म्हणाले, "तोफ तेवढी पॅटनच्या बाजूला वळवा."

तोफेची नळी जुन्या किटातली, जाडसर घेतली आहे. अब्बांच्या बोटांना ती सोसते.